आपल्या धंद्याच्या ग्रुपमध्ये कोण नाहीये? नागपूरकरांनो, जरा बोलूया

बॉक्सवाली_महाल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांब होईल, चालवून घ्या.

माझं महालात मिठाईच्या डब्यांचं छोटं युनिट आहे. पुठ्ठा आणायचा, छपाई बाहेरून करून घ्यायची, डाय कटिंग आपल्याकडे आणि पेस्टिंग वस्तीतल्या बायका घरी नेऊन करतात. मी एका रेफरल ग्रुपमध्ये आहे. सकाळी सातला हॉटेलात जमायचं, एका धंद्याचा एकच मेंबर, एकमेकांना गिऱ्हाईक द्यायचं. काम मिळतं, चांगली माणसं भेटतात, अडीअडचणीला धावूनही येतात. ग्रुपला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही.

मुद्दा वेगळा आहे. आमच्या ग्रुपचं स्नेहसंमेलन झालं, त्यात केटररने लांब पोळीचा काउंटर लावला होता. काउंटरवर बघते तर आमच्याकडे पेस्टिंग करणाऱ्या मावशी! कणीक इतकी सैल की हातावरून लोंबत होती, ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि उलट्या मडक्यावर अलगद टाकायची, आणि लोक मोबाईल काढून शूटिंग करत होते. सगळ्यात जास्त गर्दी त्या काउंटरला. मावशींना त्या रात्रीची मजुरी मिळाली, काउंटरचे पैसे केटररला. त्यात केटररचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्याने ऑर्डर आणली, रिस्क घेतली. पण तिथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं होतात, त्यातल्या एकानेही मावशींचा नंबर मागितला नाही. मावशी म्हणजे धंदा करणारी बाई आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, सगळ्यांना ती काउंटरवरची बाई दिसली.

आता ह्या मावशींनी आमच्या ग्रुपमध्ये यायचं म्हटलं तर? सकाळी सात म्हणजे त्यांची जेवणाच्या डब्यांची वेळ. फी एकदम भरायची. हॉटेलला जायचं म्हणजे ऑटो. ओळख करून द्यायची ती अर्धी इंग्रजीत. म्हणजे कोणी "तुम्ही येऊ नका" असं म्हणत नाही आणि तरी त्या कधीच येऊ शकणार नाहीत.

आपण हिवाळ्यात ब्लँकेट वाटतो, उन्हाळ्यात पाणपोई लावतो. करायलाच पाहिजे, मे महिन्यात नागपुरात पाणपोईने जीव वाचतात. पण आपण मेंबर लोक एकमेकांना जे देतो, म्हणजे ऑर्डर, ओळख, उधारीचा भरवसा, ते आपण ह्या माणसांना देत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते द्यायला लागलो तर शहर जास्त मायेचं होईल. तुमच्याकडे काय अनुभव आहेत? कुठे कोणी असं काही करून राहिलंय का?

---

धरमपेठकर

ताई, तळमळ पोचली. पण मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. धंद्याचा ग्रुप हा धंद्यासाठी असतो. लोक पैसे आणि वेळ घालतात ते लीड मिळावी म्हणून. त्यात सगळ्यांना सामावून घ्यायला गेलं की दोन्ही बोंबलतं, ना धंदा होत ना समाजसेवा. आणि क्वालिटीचं काय? मी माझ्या गिऱ्हाईकाला कोणाचं नाव सुचवलं आणि त्याने वेळेवर माल दिला नाही तर शब्द माझा जातो. इतक्या वर्षांत कमावलेली पत आहे ती.

---

बॉक्सवाली_महाल

दादा, राग कसला. पत जायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी दया दाखवा असं म्हणत नाहीये. आधी स्वतःच्या घरच्या कार्यक्रमाला छोटी ऑर्डर द्या, काम बघा, आवडलं तरच पुढे नाव सांगा. नवीन मेंबर आला की आपण हेच करतो ना? त्यालाही पहिल्या दिवशी कोणी लाखाची ऑर्डर देत नाही. तीच संधी मागतेय, वेगळा नियम नको.

---

हिशोबनीस_सदर

मी अकाउंट्स आणि टॅक्सचं काम करतो, म्हणून एक कोरडी वाटेल अशी गोष्ट सांगतो पण माझ्या मते सगळ्यात मोठी आपुलकी हीच आहे: लहान माणसाचं बिल वेळेवर द्या. ऑर्डर देऊन पैसे तीन-तीन महिने लटकवले तर घरगुती धंदा तिथेच मरतो. मोठ्याला ओव्हरड्राफ्ट असतो, मावशींना किराणावाल्याची उधारी असते.

कायदा पण आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याच्या चक्रवाढीने. आणि असेसमेंट इयर २०२४-२५ पासून इन्कम टॅक्समध्ये उशिराच्या पेमेंटचं कलम आलंय, म्हणजे ह्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरत नाहीत, ज्या वर्षी खरोखर दिले त्या वर्षी मिळतो. ते आल्यापासून बरेच मोठे व्यापारी मार्च जवळ आला की स्वतःहून विचारतात, आपल्या कोणत्या सप्लायरकडे उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी आहे.

पण ह्याचा फायदा घ्यायला उद्यम रजिस्ट्रेशन पाहिजे. ते फुकट होतं, एक पैसा लागत नाही, एजंटला पैसे देऊ नका. आणि लक्षात ठेवा, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ह्या उशिराच्या पेमेंटच्या तरतुदीचा फायदा नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. पापड, कुरड्या, शिवणकाम, पेस्टिंग हे सगळं बसतं.

ग्रुपमध्ये एक नियम करता येईल, मेंबरने ग्रुपच्या ओळखीतून घरगुती धंद्याकडून माल घेतला तर पैसे माल हातात आल्यावर त्याच आठवड्यात.

---

वऱ्हाडी_ठेला

ताई बरोबर बोलून राहिल्या. माझा तर्री पोह्याचा ठेला हाय, वीस वर्षं झाले असतील. माझ्याकडे रोज सकाळी सूट-बूटवाले येऊन खातात, गाडीतूनच प्लेट मागतात, मीटिंगले जाऊन राहिलो म्हणतात. मले आजपर्यंत कोणी इचारलं नाही का भाऊ तुझ्या धंद्याले काय लागते. आता लागते काय, तर सकाळी पाच वाजता गॅस सिलिंडर संपलं तं कोण देईन, उन्हाळ्यात सावली कुठून आणावं, पोट्टीच्या कॉलेजचा फॉर्म कोण भरून देईन. हे सगळे लोकं माझ्या ठेल्यावरच उभे असतात बाप्पा! गॅसवाला बी, मंडपवाला बी, कॉलेजातला सर बी. पण ते मले पोहेवाला म्हणून ओळखतात अन् मी त्याईले तर्री जास्त वाला, कमी वाला म्हणून ओळखतो.

स्वनिधी म्हणजे ठेलेवाल्याईच्या सरकारी योजनेचं दहा हजाराचं कर्ज मले मिळालं होतं, करोनाच्या टायमाले २०२० मध्ये सुरू झालं ते. वेळेवर फेडलं तं पुढचं वीस हजाराचं भेटलं. पण तो फॉर्म भरायले शेजारच्या मोबाईल दुकानातल्या पोट्ट्याने मदत केली, बाकी कोणी नाही. तो पोट्टा माझ्यासाठी मोठा नेटवर्क हाय.

---

हिशोबनीस_सदर

भाऊ, २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे तो पण लक्षात असू द्या. त्यात शहर विक्रेता समिती असते आणि तिच्यात कमीत कमी ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून द्यायचे असतात, त्यातल्या एक तृतीयांश महिला. तुमच्यासारख्यांनी तिथे बसायला पाहिजे, सावली आणि जागा हे विषय तिथलेच.

---

रॅम्पवाली_आई

मी बहुतेक वेळा नुसती वाचते, आज लिहिते. माझा मुलगा व्हीलचेअरवर आहे, ग्राफिक डिझाइन करतो, लोगो, पत्रिका, पॅकेजिंग सगळं. त्याचं काम बघून लोक खूश होतात, फोनवर ऑर्डर ठरते, मग म्हणतात या ना मीटिंगला, आमच्या ग्रुपला भेटा. आणि हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. किंवा तळमजल्यावर पण दारात तीन पायऱ्या. "आम्ही उचलून घेऊ ना" असं प्रेमाने म्हणतात सगळे. पण तो तिशीचा पुरुष आहे, गिऱ्हाईकासमोर त्याला पोत्यासारखं उचलून न्यायचं आणि मग त्याने रेट सांगायचा, कसा सांगेल तो?

तीन पायऱ्या साधारण सहा-सहा इंचाच्या धरल्या तर उंची झाली दीड फूट. रॅम्पचा उतार एकास बारा पाहिजे, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांब रॅम्प. लोक दारात चार फुटांची फळी टाकतात आणि रॅम्प केला म्हणतात, त्यावरून व्हीलचेअर मागे कोलमडते. ज्यांची हॉटेलं, लॉन, हॉल आहेत त्यांनी हे गणित एकदा मिस्त्रीला सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, म्हणजे फक्त व्हीलचेअर नाही, ऐकू न येणारे, कमी दिसणारे, सिकल सेल, थॅलेसेमिया असे रक्ताचे आजार असलेले पण आहेत. आपल्या विदर्भात सिकल सेलचे पेशंट किती आहेत ते सांगायला नको. त्यांना थंडी, उन्हातली दगदग, पाणी कमी पडणं, सगळ्याचा त्रास होतो, पण बघून कळत नाही, मग "हा कामचोर आहे" असं लेबल लागतं.

ग्रुपवाल्यांना एकच विनंती, जागा ठरवताना आधी विचारा. आल्यावर सॉरी म्हणण्यापेक्षा तो एक फोन स्वस्त पडतो.

---

अंबाझरी_लेआउट

रॅम्पवाली ताई, तुमचं वाचून २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवली. तेव्हा पहाटे ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी घराघरात. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, आमचा सगळा भाग. लोक झोपेत होते, पलंगापर्यंत पाणी आलं तेव्हा जागे झाले.

त्या दिवशी काय उपयोगी पडलं तर धंद्याच्या ओळखी. किराणावाल्याला माहीत होतं कोणत्या घरात म्हातारे दोघंच राहतात, कारण तोच सामान पोचवतो. दूधवाल्याला माहीत होतं कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे. इलेक्ट्रिशियनने घरोघर फिरून मेन स्विच बंद केले, नाहीतर अजून माणसं गेली असती असं मला राहून राहून वाटतं. मेडिकलवाल्याने वरच्या मजल्यावर ठेवलेला इन्सुलिनचा स्टॉक बर्फात घालून वाटला, पैसे नंतर घेतले. आमच्या कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर मेसेज धडाधड पडत होते, पण ज्या आजी तळमजल्यावर अडकल्या होत्या त्यांच्याकडे साधा फोन. त्यांच्याबद्दल ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, कारण त्या ग्रुपमध्येच नव्हत्या. त्यांना काढलं ते धुणंभांडं करणाऱ्या ताईंनी सांगितल्यावर, ह्या ताई कॉलनीत राहत नाहीत आणि ग्रुपमध्येही नाहीत.

त्यानंतर आम्ही एक वही केली. एकटे राहणारे, न चालता येणारे, डायलिसिसवाले, गरोदर बायका, सगळ्यांचं नाव आणि त्यांच्या जवळचा दुकानदार कोण. वही किराणा दुकानात असते, व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही असं ठरलं, एकटी म्हातारी माणसं कुठे राहतात ही यादी फिरू देणं धोक्याचं. पावसाळ्याच्या आधी बघून घेतो. आणि घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, कचरागाडीवाले ह्यांना विचारल्याशिवाय ती वही पूर्ण होत नाही.

---

इंदोरा_इंजिनियर

चांगला धागा आहे, पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही ती मी बोलतो. आपल्या शहरात ओळखी आडनावावरून चालतात. नोकरीला पोट्टा पाहिजे असेल तर "ओळखीतला कोणी आहे का" असा मेसेज पडतो, आणि ओळखीतला म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत असतं. भाड्याने खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न पूर्ण नाव काय. दुकानाला गाळा बघायला गेलं तरी तेच. मोमिनपुऱ्यातल्या माझ्या मित्राला विचारा, तोही हेच सांगेल. वाईट हेतूने करतात असं नाही, पण जी माणसं आधीच बाहेर आहेत ती तशीच बाहेर राहतात.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बघा. लाखो लोक येतात, बाहेरगावाहून, रात्रभर रेल्वेने, ट्रकने. त्यांच्यासाठी बँकवाले, रेल्वेवाले, विमावाले, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांच्या संघटना जेवणाचे, पाण्याचे, औषधांचे स्टॉल लावतात. कोणी नाव विचारत नाही, ताट पुढे करतात. १९५६ पासून ज्या समाजाला बाजाराने जवळ केलं नाही त्याने स्वतःच्या ओळखी अशा उभ्या केल्या. २००५ मध्ये डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांची चेंबर, सुरू झाली तीही ह्याच गरजेतून. पण मला वाटतं वेगळी चेंबर असावी आणि शिवाय मोठ्या बाजारात जागाही असावी, दोन्ही.

आकडा ठरवल्याशिवाय काही होत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची आहे, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. मग आपल्या खासगी ग्रुपने स्वतःहून ठरवावं ना, वर्षाच्या खरेदीतली अमुक इतकी खरेदी ग्रुपबाहेरच्या, पहिल्यांदा धंदा करणाऱ्या माणसाकडून. दिवाळी गिफ्ट, स्टेशनरी, युनिफॉर्म, चहा-नाश्ता, साफसफाई. आणि नोकरीचा मेसेज टाकताना तोच मेसेज आयटीआयच्या बोर्डावर पण लावा, समाजाच्या ग्रुपवर पण, मोमिनपुरा, जरीपटका, टाकळी, कामठी सगळीकडे.

---

मिलवाल्यांचा_नातू

इंजिनियर साहेब, ह्या शहराला हे काही नवीन नाही. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आपल्या इथेच, जमशेदजी टाटांनी केली, आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५ पासून अपघात झाला तर भरपाई. कायदा यायच्या कितीतरी आधी. माझे आजोबा तिथे सांचेवर, म्हणजे मागावर होते, आमचं घर त्या पगारावर उभं राहिलं. मिल बंद झाली तेव्हा तिच्याबरोबर आजूबाजूची खानावळ, सायकल दुकान, शिंपी सगळे बसले. धंदा आणि वस्ती एकमेकांना बांधलेले असतात हे आम्ही घरात बघितलंय.

आता पेन्शन फंडाएवढं कोणी करू नका, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा करा. कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर लागू. त्यात त्याच्या बायकापोरांचाही दवाखाना होतो. कितीतरी दुकानदार कामगार आजारी पडला की खिशातून पाच हजार देतात, मनाने चांगले असतात, पण तो कागद करत नाहीत.

---

धरमपेठकर

सगळं वाचलं. अंबाझरीवाल्यांच्या वहीची गोष्ट मनाला लागली, आमच्या लेनमध्ये पण करायची म्हणतोय. इंजिनियर भाऊ, नोकरीच्या मेसेजचं पटलं. शोरूमला दोन मुलं हवीत, ह्यावेळी आयटीआयला पण कळवतो.

क्वालिटीचा माझा मुद्दा अजून सोडलेला नाही, पण ताई म्हणतात तसं छोट्या ऑर्डरपासून सुरू करायला हरकत नाही. लांब पोळीवाल्या मावशींचा नंबर मला खाजगीत द्या, त्यांना विचारून. आईची पंच्याहत्तरी आहे, घरचीच पन्नास माणसं. आणि रॅम्पवाली ताई, पत्रिका तुमच्या मुलाकडून करून घेतो, तो नेहमी जो रेट घेतो त्या रेटने.

---

रॅम्पवाली_आई

धन्यवाद दादा. त्याला सांगितलं. तो म्हणतो मजकूर पाठवा, दोन नमुने करून दाखवतो, पसंत पडलं तर पुढे.

---

बॉक्सवाली_महाल

मंडळी, एवढे मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. आता बोलण्यावर थांबायला नको म्हणून ठरवते.

रविवारी दुपारी तीन वाजता जमूया. सकाळी डबेवाल्या बायकांना जमत नाही, संध्याकाळी ठेलेवाल्यांना. जागा सीताबर्डीला बघते, मेट्रोचं इंटरचेंज स्टेशन आहे, दोन्ही लाइनवरून येता येतं आणि स्टेशनला लिफ्ट आहे. हॉल तळमजल्यावरचाच घेणार आणि पायऱ्या स्वतः जाऊन बघून येते, फोनवर विश्वास ठेवत नाही. फी नाही, हॉलचं भाडं ज्यांचं दुकान-शोरूम आहे त्यांनी वाटून घ्यायचं. चहा-नाश्ता वऱ्हाडी भाऊंकडून, आधी पैसे देऊन. सगळे मराठी-हिंदीत बोलतील. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येकाचा धंदा कागदावर लिहून भिंतीला लावू, आणि खुणांची भाषा येणारं कोणी असेल तर कळवा, त्यांचं मानधन देऊ.

आणि प्रत्येकाने एकटं यायचं नाही. आपल्या ग्रुपमध्ये नसलेला एक माणूस सोबत आणायचा, जो काहीतरी बनवतो किंवा काम करतो. मी पेस्टिंगच्या तीन बायका आणि मावशींना आणते.

हिशोबनीस दादा, तुम्ही लॅपटॉप घेऊन याल का? उद्यमचं तिथेच होईल का?

---

हिशोबनीस_सदर

येतो, बरोबर एक असिस्टंट पण आणतो. सगळ्यांना सांगून ठेवा, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. बायकांचा आधार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नंबरला जोडलेला असतो, तर तो फोन तेवढा वेळ मागून आणा, किंवा आधीच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर टाकून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेला

पॅन कार्ड नसन तं? आमच्या लाइनीतल्या दोघा-तिघाईकडे नाही. त्याईले आणू का नको?

---

हिशोबनीस_सदर

आणा आणा, नक्की आणा. पॅन किंवा जीएसटी नसलेल्या छोट्या धंद्यासाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट म्हणून वेगळी सोय आहे, ती बँकेमार्फत होते. त्यांचं खातं कुठल्या बँकेत आहे ते विचारून ठेवा, पासबुक आणायला सांगा. त्यांचे पॅनचे फॉर्म पण तिथेच भरून घेऊ.